गाडी कुरणात कशाला?

लडाखच्या चांगथांग पठारावर ही माझी तिसरी खेप, आणि दर वेळी तेच! त्सो मोरीरी तळ्याच्या काठची ओली हिरवळ दिसली की आपली मंडळी सुरू: "भैया, गाडी पानी तक ले चलो ना." ड्रायव्हर बिचारा आधी नको म्हणतो, मग टीप बुडेल म्हणून वळवतो. अहो, ४,५०० मीटरवर गवताला वाढायला उन्हाळ्याचे जेमतेम तीन-चार महिने मिळतात! चाकाखाली चिरडलेलं कुरण वर्षानुवर्षं भरून येत नाही. त्याच गवतावर चांगपा या भटक्या पशुपालकांच्या पश्मिना शेळ्या जगतात, त्याच दलदलीत काळ्या मानेचे क्रौंच घरटी करतात. २००२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे ते! एका फोटोसाठी शंभर पावलंही चालवत नाहीत? मग रस्त्यावरूनच बघा ना तळं, तिथूनही निळंच दिसतं.