टापांखालची माणसे

फिलिपिन्सची राजधानी मनिला इथल्या फोर्ट सांतियागो या किल्ल्याच्या दरवाजावर एक उठावशिल्प आहे. त्यात तलवार उपसलेला एक संत घोड्यावर स्वार आहे आणि घोड्याच्या टापांखाली माणसे तुडवली जात आहेत. हा संत म्हणजे येशूच्या बारा शिष्यांपैकी याकोब, स्पॅनिश लोकांचा सांतियागो. मराठी बायबल वाचणाऱ्यांना तो जब्दीचा मुलगा, गालील सरोवरात जाळी टाकणारा कोळी म्हणून ठाऊक आहे. हेरोद राजाने त्याला तलवारीने मारले, असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे. तलवारीने मारल्या गेलेल्या त्या कोळ्याच्याच हाती पुढे तलवार दिली गेली, हे मला फार अस्वस्थ करते.

स्पेनमध्ये मुस्लिम राज्यांशी पिढ्यानपिढ्या युद्धे चालली, तेव्हा ८४४ साली क्लाविहोच्या रणांगणात हा संत पांढऱ्या घोड्यावर प्रकटला, अशी आख्यायिका रूढ झाली आणि त्याला 'माटामोरोस', म्हणजे मूरांना (स्पेनमधल्या मुसलमानांना) मारणारा, हे बिरुद मिळाले. तीच प्रतिमा पेरूमध्ये गेली, तेव्हा टापांखाली मूरांच्या जागी तिथले मूळ रहिवासी आले.

मनिलात तर मूर नव्हतेच. पासिग नदीच्या मुखाशी राजा सुलेमान या मुस्लिम शासकाचे लाकडी तटबंदीचे ठाणे होते. १५७१ मध्ये स्पॅनिश सेनानी लेगास्पीने त्याच जागी स्पॅनिश ठाणे वसवले आणि १५९० नंतर तिथे दगडी किल्ला उभा राहिला. या बेटांवरच्या मुसलमानांना स्पॅनिशांनी 'मोरो', म्हणजे मूर, हेच जुने नाव दिले. त्यामुळे हे शिल्प स्पेनमधल्या एका जुन्या युद्धाची आठवण म्हणून उरले नाही; ते दक्षिणेकडच्या मिंदानाओ आणि सुलू या बेटांवरच्या जिवंत मुसलमानांकडे रोखलेले होते, असे माझे स्पष्ट मत आहे. वसईच्या किल्ल्यातही पोर्तुगिजांनी बुरुजांना संतांची नावे दिली होती, परंतु संताच्या नावाने संरक्षण मागणे वेगळे आणि दारावर शत्रूचा चेहरा कोरणे वेगळे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४५ च्या मनिलाच्या लढाईत हा दरवाजा उद्ध्वस्त झाला. आज दिसतो तो स्वतंत्र फिलिपिन्सने पुन्हा उभारलेला दरवाजा आहे आणि त्यावर हा घोडेस्वार परत बसवलेला आहे. तो काढावा, असे मी म्हणणार नाही. मात्र 'हे किल्ल्याचे आश्रयदाते संत' एवढे सांगून पुढे जाणे मला अपुरे वाटते. टापांखाली कोण आहे, हेही पाहणाऱ्याला तिथेच सांगायला हवे, कारण ज्यांना तुडवलेले दाखवले, त्यांनी 'मोरो' हे नाव पुढे अभिमानाने स्वीकारले आणि २०१९ पासून बांगसामोरो या नावाचा त्यांचा स्वायत्त प्रदेश त्याच देशात आहे.