पुणे नगरपालिकेतलं ते एकटं मत

पुणे महानगरपालिका झाली १९५० साली. त्याआधी नव्वदहून अधिक वर्षं या शहराचा कारभार नगरपालिकेनं पाहिला, आणि तिचा इतिहास आपण पार विसरलोय. मला हे फार लागतं. त्या सभागृहात कोण बसत होतं आणि कोणाला बसू दिलं जात नव्हतं, हे कळल्याशिवाय पुण्याचं राजकारण कळत नाही.

सुरुवातीला सगळे सदस्य सरकारनं नेमलेले. १८७६ मध्ये जोतीराव फुले आले तेही नियुक्त होऊनच. व्हॉइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या तिजोरीतून हजार रुपये खर्च करायचं ठरलं, तेव्हा बत्तीस सदस्यांत एकट्या फुल्यांनी विरोधात मत दिलं. पैसे गरिबांच्या शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. ज्या सरकारनं खुर्ची दिली त्याच्याच पाहुण्यावरचा खर्च नाकारायचा, तोही भर सभेत! नव्या मंडईलाही त्यांचा विरोध होता, कारण तोच. मंडई तरीही झाली. १८८६ मध्ये अष्टकोनी दगडी इमारत उभी राहिली, नाव पडलं रे मार्केट.

व्हॉइसरॉय लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानंतर निवडणुका आल्या. पण मत कोणाला? कर भरणाऱ्याला, मालमत्ता असणाऱ्याला, शिकलेल्याला. त्यामुळे निवडून येणारे बहुतेक ब्राह्मण, त्यांतही वकील-प्राध्यापक जास्त. टिळक १८९५ मध्ये निवडून आले, पुढे गोखले अध्यक्ष झाले. माणसं मोठीच. गोखल्यांचा अध्यक्ष म्हणून कारभार तर शिस्तीचा नमुना होता. तरीही निम्म्याहून अधिक शहर त्या दाराबाहेरच होतं, हे मान्य करायला हवं. १९२० मध्ये सक्तीचं शिक्षण फक्त मुलांना की मुलींनाही, यावर रण पेटलं. टिळकांचा पक्ष म्हणत होता, आधी मुलांचं बघू. तेव्हा रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं बायकांना नगरपालिकेवर मोर्चा न्यावा लागला. विठ्ठल रामजी शिंदे त्यांच्या बाजूनं उभे राहिले.

मग ब्राह्मणेतर चळवळ आत शिरली. १९२४ मध्ये मंडईजवळ टिळकांचा पुतळा बसला. पुढच्याच वर्षी केशवराव जेधे यांनी फुल्यांच्या पुतळ्याची मागणी सभागृहात मांडली आणि ती फेटाळली गेली. त्यावरून शहरभर काय धुरळा उडाला! पण मंडईला फुल्यांचं नाव मिळालंच, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना. आज उंच गाळ्यावर मांडी घालून, पुढे वांगी-गवारीचे ढीग रचून बसलेल्या मावशींना पत्ता विचारा, ‘फुले मंडई’ असंच सांगतील.

हे आत्ता लिहायचं कारण सरळ आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकानं कारभार पाहिला. अनेकांना ते बरंच वाटलं: कटकट नाही, गोंधळ नाही, कामं पटापट. मला ते अजिबात पटत नाही. प्रशासकाच्या दालनात ठराव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच. हजार रुपयांना नाही म्हणणारा माणूस तिथे बसणार कुठे? नगरपालिकेची जुनी इतिवृत्तं, कोणी कुठल्या बाजूनं मत दिलं त्यासकट, महापालिकेनं स्कॅन करून सगळ्यांना वाचायला खुली करावीत. आणि निवडणूक लांबणीवर टाकायची भाषा पुन्हा निघाली, तर आपण पुणेकरांनी पहिल्याच दिवशी विचारायला हवं, का म्हणून?