टीसीएल टाकून हे मरत नाही

जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच पार्ट्या, एक म्हणते मासे मरतील, दुसरी म्हणते मग वीज नको का. तिथं माडबनला ९९०० मेगावॅट होणार की नाही यावर लोकं तासन् तास भांडतात, पण त्याला लागणारं युरेनियम जिथं खणतात तिथल्या विहिरींचं काय होतं हे दोन्हीकडचं कोणीच काढत नाही.

झारखंडात जादूगोडा आहे, १९६७ पासून खाण. तिथल्या दगडात युरेनियम इतकं कमी की टनभर फोडून दळला तर हाती लागतं अर्धा किलोच्या आसपास. बाकी सगळा चिखल, तो पाइपनं नेऊन बांध घातलेल्या तळ्यात सोडतात. आणि गंमत (कसली गंमत म्हणा) अशी की युरेनियम काढून घेतलं तरी दगडातली साधारण ८५ टक्के किरणोत्सारिता त्या चिखलातच राहते, कारण रेडियम आणि थोरियम तिथंच पडून, त्यातलं रेडियम निम्मं व्हायलाच १६०० वर्षं. २००६ च्या डिसेंबरात तिथला पाइप फुटला आणि हा चिखल ओढ्यात गेला. अमेरिकेत चर्च रॉकला १९७९ ला तर बांधच फुटला, ३५ कोटी लिटर पाणी नदीत, तिथल्या मूळ रहिवासी नावाहो लोकांची गुरं त्याच नदीवर.

बांध फुटणं म्हणजे काय ते आपल्याला कोणी सांगायला नको. २०२१ च्या जुलैत दोडामार्गात कळण्याच्या खाणीचा फुटला तेव्हा चिखल बागायतीत घुसला, पण ती लोखंडाची खाण, चिखल लाल, निदान डोळ्याला दिसला तरी. युरेनियमचं पाणी निवळशंख असतं, वास नाही चव नाही, उकळलं तर वाफ जाते आणि युरेनियम खालीच राहतं, आणि आधी मार बसतो तो किडनीला, कॅन्सरची भीती सगळे घालतात पण किडनीचं कोणी बोलत नाही. आपल्या ग्रामपंचायतीत विहिरीत टीसीएल (म्हणजे ब्लीचिंग) पावडर टाकली की काम झालं असं धरतात, अहो ते जंतूंसाठी!

मी विजेच्या विरोधात नाहीये, उगाच ते लेबल नको. पिण्याच्या पाण्यात युरेनियम किती चालेल, तर जागतिक आरोग्य संघटना लिटरला ३० मायक्रोग्रॅम म्हणते, आपलं अणुऊर्जा नियामक मंडळ ६०. ठीक आहे, कुठला धरायचा तो धरा, पण खाणीजवळच्या एकेका विहिरीचा आकडा, मे महिन्यातला वेगळा आणि पावसानंतरचा वेगळा, रेडियमसकट, तिथल्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत गावच्या बोर्डावर लावा, आणि तपासणी खाण चालवणाऱ्यानं स्वतःच करायची नाही. तो खर्च विजेच्या युनिटमध्ये धरा आणि मग सांगा किती स्वस्त पडते ते.