प्रयोगशाळेचं दार न पाहिलेल्या लेखकाचं उत्तर

नमस्कार. धातूंच्या ऑक्साइडांचे नॅनोकण आणि त्यांचे आकार यांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं : झिंक ऑक्साइडची कांडी कॅपिंग एजंटशिवायही (कणाच्या पृष्ठाला चिकटून वाढ आवरणाऱ्या रसायनाशिवायही) होते, तेव्हा आकाराचं श्रेय मी त्याला देणं चूक, टेमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) चित्रातली मोजपट्टी वाचता येत नाही, पीएच आणि ढवळण्याचा वेग दिलेला नाही. इथवर ठीक होतं. पण शेवटी ‘लेखकाने प्रयोगशाळेचं दार तरी पाहिलंय का?’ हे कशासाठी? चूक दाखवायची असेल तर दाखवा, त्यासाठी माणसाची लायकी काढावी लागत नाही.

मोजपट्टी खरंच पुसट आहे. चित्र बदलतो.

आता दार. ओलेइक अॅसिडमध्ये केलेले आयर्न ऑक्साइडचे कण धुण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. इथेनॉल घालून कण खाली बसवायचे, सेंट्रिफ्यूज, हेक्झेनमध्ये पुन्हा विरघळवायचे, परत तेच. 300 अंशांच्या वर गेलेला फ्लास्क सोडून जेवायलाही जाता येत नाही, कारण तापमान चढवण्याचा वेग जरा हलला की काही कण बारीक, काही थोराड. हे सगळं दाराबाहेर उभं राहून कळत नाही हो.

आणि मुद्द्याचं बोलायचं तर झिंक ऑक्साइडची वुर्टझाइट ही षटकोनी स्फटिकरचना मला ठाऊक आहे. सी-अक्षाच्या, म्हणजे स्फटिकाच्या उभ्या अक्षाच्या, टोकांची पृष्ठं ध्रुवीय (विद्युतभार असलेली), त्यांची ऊर्जा जास्त, म्हणून वाढ त्या दिशेने वेगात होते आणि कांडी लांबते. वेगाने वाढणारं पृष्ठ संपून जातं, संथ वाढणारी पृष्ठं कडेला उरतात. हे मी लेखात लिहिलं होतं, दुसऱ्याच परिच्छेदात. तो बहुधा घाईत सुटला असावा.

पण त्याच द्रावणात सायट्रेट हा कॅपिंग एजंट घाला. ते नेमकं त्या टोकाच्या पृष्ठाला चिकटतं, उभी वाढ अडते आणि कांडीच्या जागी चपट्या षटकोनी चकत्या मिळतात. रचना तीच, जस्त तेच. मग बदललं काय? शिवाय ‘काहीही न घालता’ म्हणून तुम्ही जी पद्धत सांगता तिच्यात हेक्झामिन हे रसायन आहेच. ते सावकाश विघटित होऊन अमोनिया देतं हे खरं, पण कांडीच्या बाजूंनाही ते चिकटतं का, यावर जाणकारांत वाद आहे. तुम्ही तो एका ओळीत मिटवून टाकलात, कमाल आहे.

टायटॅनियाचं, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचं, घ्या. अॅनाटेज या त्याच्या स्फटिकरूपाच्या (101) पृष्ठाची (कंसातले आकडे म्हणजे पृष्ठाच्या दिशेची खूण) ऊर्जा गणिताने दर चौरस मीटरला सुमारे 0.44 ज्यूल येते, (001) ची 0.90. म्हणजे (001) जवळजवळ दिसूच नये. 2008 साली फ्लोराइड वापरून याच पृष्ठाचा वाटा 47 टक्क्यांवर नेलेले स्फटिक प्रसिद्ध झाले. पृष्ठावर कोण बसलंय याने ऊर्जेचा क्रमच उलटतो. स्फटिकाचा स्वभाव असतो, नाही कोण म्हणतं? त्याला वळण लावता येतं एवढंच मी लिहिलं.

पीएच आणि ढवळण्याबद्दल : लेख सर्वसाधारण वाचकांसाठी होता, वहीतल्या नोंदी उतरवायला मी बसलो नव्हतो. त्यावर वाद घालायची माझी इच्छा नाही.

तरीही पटत नसेल तर सायट्रेट घालून आणि न घालता, दोन्ही नमुने स्वतः करा, चित्रं शेजारी-शेजारी लावा आणि नाव देऊन लिहा. निनावी माणसाशी यापुढे मी बोलणार नाही.