बाळंतिणीच्या पोटाकडे बघणाऱ्या समस्त काकूंना

आज इथे इंदुरात, लोकमान्यनगरात एका मुंजीला गेले होते आणि डोकं तापवून घेऊन घरी आलेय. ज्यांना लांब पोस्टचा कंटाळा आहे त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

माझी भाची तिच्या चार महिन्यांच्या लेकीला घेऊन आली होती. एक काकू आल्या (नात्यातल्याच, पण माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये नाहीत, म्हणून मोकळेपणाने लिहितेय). बाळाच्या गालाला हात लावला न लावला, आणि नजर थेट पोरीच्या पोटावर. "अगंबाई, अजून तसंच? अंगावर पाजतेस ना? मग आपोआप उतरायला पाहिजे की!" चारचौघांत. पोरगी हसली बिचारी. मग ताटात काकडीच्या दोन चकत्या आणि चमचाभर वरण वाढून घेतलं. मी म्हटलं, मठ्ठा तरी घे. तर कानाशी येऊन म्हणते, "मावशी, मी सकाळी पावडर घेतलीय. दुपारी जेवायचं नसतं." वजन उतरवायची पावडर, जिमच्या ट्रेनरने दिलेली. आणि पाच मिनिटांत उभ्या उभ्या चक्कर. खुर्ची धरली म्हणून निभावलं, कडेवर बाळ होतं!

काकू तेव्हा श्रीखंडाची दुसरी वाटी घेत होत्या.

मला माझ्या दिराचं लग्न आठवलं. ग्वाल्हेरला होतं. माझा मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा आणि माझ्या लग्नातल्या शालूचा ब्लाउज काही केल्या दंडात शिरेना. घरात बायकांची सभाच भरली. रात्रीचं जेवण सोड, भात बंद कर, लिंबूपाणी पी, महिना आहे हातात. सासूबाई काही बोलल्या नाहीत. आमचं दोघींचं फार सख्य नव्हतं, हे माझ्या जवळच्यांना माहीत आहेच. दुपारी त्यांनी ब्लेड घेतलं, ब्लाउजच्या दोन्ही बाजूंची शिवण उसवली, आत होती नव्हती ती सगळी माया सोडली, टीप मारून इस्त्री करून पलंगावर आणून ठेवला. म्हणाल्या, "हे घाल. आणि वरणभात जेवून घे, तो उठेल आत्ता."

विषय संपला. सभा बरखास्त.

आता त्या "आपोआप उतरतं"बद्दल. दूध काही हवेतून तयार होत नाही. ते करायला आईच्या शरीराचे रोजचे साधारण पाचशे कॅलरी खर्च होतात. म्हणून तर हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला नेहमीपेक्षा रोज 600 कॅलरी जास्त लागतात आणि पुढचे सहा महिने 520. आधी साठलेल्या चरबीतून थोडं भागतं, त्यामुळे काहींचं वजन खरंच हळूहळू उतरतं. पण पाजणाऱ्या बाईला भूकही राक्षसासारखी लागते, झोपेचं खोबरं झालेलं असतं, आणि काहींचं अंग बाळाचं दूध सुटेपर्यंत काही सोडतच नाही. त्यात तिचा काय गुन्हा?

उतरवायचंच असेल तर घाई न करता उतरवता येतं, कोण नाही म्हणतंय? पहिले सहा ते आठ आठवडे डाएटचं नावही काढायचं नाही. गर्भाशय जागेवर यायलाच सहा आठवडे जातात, आणि सिझर असेल तर टाके आहेत, जरा लाज बाळगा. त्यानंतर आठवड्याला फार तर अर्धा किलो. म्हणजे महिन्याला दोन, तेही जमलं तर. दिवसाचं खाणं 1800 कॅलरीच्या खाली न्यायचं नाही. एवढं सांभाळून, रोज चालून वजन उतरवलं तर दुधाला धक्का लागत नाही. लागतो तो उपाशी राहून. अंगातलं पाणी आणि ताकद गेली की दूध कमी पडायला लागतं, बाळ रडतं, आणि मग याच काकू येऊन विचारणार, "पुरत नाही वाटतं तुझं? वरचं सुरू कर." दोन्हीकडून मार!

आणि ते ट्रेनर. अरे बाबा, तू डंबेल्स उचल आणि उचलायला लाव. चरबी जाळायच्या नावाखाली विकतात त्या फॅट बर्नरमध्ये ठासून कॅफिन असतं, ते दुधातून बाळाला जातं आणि बाळ रात्रभर टक्क जागं. वजन उतरवणाऱ्या कितीतरी चहांमध्ये सोनामुखी असते, म्हणजे सरळ जुलाबाचं औषध, त्याने चरबी तसूभरही हलत नाही. हल्ली वजन उतरवायची ती आठवड्याला एक घ्यायची इंजेक्शनं निघालीत, तीही पाजणाऱ्या बायकांनी घ्यायची नसतात. भाचीच्या पावडरीचा डबा मी उलटासुलटा करून वाचला. पाजणाऱ्या आईबद्दल अवाक्षर नाही. डबा सध्या माझ्या पर्समध्ये आहे आणि परत मिळणार नाही.

बरं, एक कबूल. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शिरा, वर तूप, हे पाचव्या महिन्यापर्यंत तसंच चालू ठेवायचं कारण नाही. आपल्या आज्या विहिरीचं पाणी शेंदत होत्या. आणि जिला गरोदरपणात साखर झाली होती तिने वजनाकडे बघायलाच हवं, बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत साखरेची तपासणीही करून घ्यायला हवी. तेही डॉक्टरांकडे, मुंजीच्या मांडवात नव्हे. वजन हलतच नसेल, केस गळतायत, मरगळ आहे, तर थायरॉइड बघा. बाळंतपणानंतर तो बिघडतो बऱ्याच जणींचा. ते कुणी विचारत नाही. विचारतात काय, तर पोट.

आणि सांगतंय कोण? इंदूर! सकाळी पोहे-जिलबी, पोह्यांवर मूठभर शेव, थंडीत सराफा बाजारात गराडू (तळलेला कंद), रात्री अकराला भुट्ट्याचा कीस. आणि या गावातल्या बायका चार महिन्यांच्या बाळंतिणीला भाताचा हिशोब विचारणार.

त्या लग्नाच्या अल्बममध्ये माझा फोटो आहे. ब्लाउज उसवलेल्या जागी जुन्या टाक्यांची रेघ स्पष्ट दिसते, कापडाचा रंगही तिथे गडद आहे. मांडीवर मुलगा, हातात जिलबी. आमच्या सासूबाई बाजूला उभ्या, नेहमीसारख्या गंभीर. वजन पुढे गेलं. कधी गेलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, माझ्याही नाही. तो ब्लाउज परत आत घ्यावा असं मात्र कधी वाटलं नाही. सैल का होईना, तसाच घालते अजून.

राग जरा उतरलाय. चहा घेतला.

भाचीला घरी सोडताना तिने विचारलं, मग खाऊ काय? म्हटलं, जे घरात सगळे खातात तेच. भाकरी, दोन भाज्या, वाटीभर घट्ट वरण, दही, मूठभर शेंगदाणे नाहीतर फुटाणे, अंडं चालत असेल तर अंडं. पाजायला बसायच्या आधी तांब्याभर पाणी जवळ. साखर आणि मैदा कमी कर, पोळी कमी करू नकोस. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या असतात. तिने केव्हाच बंद केल्या होत्या, कुणी सांगितलंच नाही म्हणे! बाळाला द्यायचं कॅल्शियम कमी पडलं तर शरीर आईच्या हाडांतून काढतं. ट्रेनरने हे सांगितलं होतं का? बरोबर.

कमेंटमध्ये जिऱ्याचं पाणी, मेथीदाण्याचं पाणी, कोमट पाणी लिहिणाऱ्यांना आधीच नमस्कार.

आणि जावईबापू, तुम्ही हे वाचताय, मला माहीत आहे, लाइक कधी करत नाही ते सोडा. उद्यापासून संध्याकाळी उन्हं उतरली की लेक तुमच्याकडे, आणि ती नेहरू पार्कात अर्धा तास चालायला. फोन करून "बाळ रडतंय" असं सांगायचं नाही. लेकीला पाजूनच ती निघेल. दुपारी तुम्ही घरून काम करता, तेव्हा तिचं ताट आधी वाढायचं. लाडू मी शनिवारी पाठवतेय, लहान वळलेत. रोज एक, तिच्यासाठी. तुमच्यासाठी नाहीत.