मिरजेचं भांडण, ह्यूस्टनचा ठेका

गणपती जवळ आले की आमच्या घरच्या ग्रुपवर एक भांडण ठरलेलं असतं. यंदाचं निमित्त एक व्हिडिओ. मिरजेच्या कॉलेजातली चार पोरं, दोन टाळ, एक लॅपटॉप, आणि तुकोबांच्या अभंगाच्या मधोमध मराठी रॅप. विनूमामांनी एकच शब्द लिहिला, "विटंबना." पुण्याचा मावसभाऊ लगेच उसळला, "मामा, असं केलं नाही तर पुढच्या पिढीपर्यंत अभंग पोहोचायचाच नाही." दोन दिवस हेच चाललं. शेवटी न राहवून मीही चार ओळी टाकल्या, तर मामांचं उत्तर, "तू तिथं बसून काय सांगतेस? तुमच्याकडं कुठलं आलंय सोवळं-ओवळं."

तिथं म्हणजे ह्यूस्टन. सोळा वर्षं झाली. आणि सोवळ्या-ओवळ्याचं म्हणाल तर ते इथं मिरजेपेक्षा कडक आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बैठक होते, मी पेटीवर बसते. तानपुरा फोनमधला, तबला डबीतला, आणि मध्यंतरात बटाटेवडा खाता खाता चर्चा कशाची, तर तिकडं हल्ली संगीतात किती भेसळ चाललीय याची. मीही त्या चर्चेत मान डोलावलेली आहे, उगाच कशाला खोटं बोला.

पण त्या व्हिडिओबद्दल मला मामांचंही पटत नाही आणि भावाचंही. मामांनी तो अर्धाच ऐकला असावा. भाऊ तर रॅपला कडू गोळीवरची साखर समजतो. त्याला अभंगाची काळजी आहे, रॅपशी काही देणंघेणं नाही. मी तो तीनदा ऐकला. अभंग थांबतो, रॅप सुरू होतो. रॅप थांबतो, अभंग सुरू होतो. आणि रॅप चालू असताना ती टाळवाली दोन्ही पोरं हात मांडीवर ठेवून गप्प बसून असतात. माझी तक्रार तेवढीच आहे. यष्टीच्या एका बाकावर बसलेल्या दोन अनोळखी प्रवाशांसारखं ते संगीत होतं. भेसळ म्हणायलासुद्धा दोन पदार्थ एकमेकांत मिसळावे लागतात.

मिसळलेलं कसं ऐकू येतं हे मला याच शहरातल्या पियानोवाल्यांनी शिकवलं. माझ्या ऑफिसपासून थोड्या अंतरावर एक सरकारी शाळा आहे, हायस्कूल फॉर द परफॉर्मिंग अँड व्हिज्युअल आर्ट्स. १९७१ साली सुरू झाली, २०१९ पासून डाउनटाउनमधल्या नव्या इमारतीत भरते. तिथं इतिहास-गणिताबरोबर जॅझ हा रोजच्या तासाचा विषय. पियानोवादक जेसन मोरान आणि रॉबर्ट ग्लास्पर या शाळेचे, ड्रमर ख्रिस डेव्हही इथलाच. ग्लास्परची आई चर्चमध्ये गायची आणि क्लबातही गायची. लहान रॉबर्ट दोन्हीकडं तिच्याबरोबर असायचा. त्यानं काही ठरवून फ्यूजन केलं नाही. चर्च, शाळा आणि रेडिओ ही त्याची एकाच दिवसातली तीन ठिकाणं होती.

२०१२ मध्ये त्याचा 'ब्लॅक रेडिओ' हा अल्बम आला. त्यातलं एरिका बाडूनं गायलेलं 'ॲफ्रो ब्लू' मी पहिल्यांदा गाडीत ऐकलं आणि मला वाटलं स्पीकर बिघडलाय. ड्रम मागं रेंगाळत होता. चुकत नव्हता, फक्त जिथं ठोका पडावा असं आपल्या कानाला वाटतं त्याच्या जरासा नंतर पडत होता, आणि पियानो शांतपणे थोड्याच सुरांचा घोळ फिरवत त्याच्यासाठी थांबल्यासारखा. ही चाल आली कुठून, तर डेट्रॉइटच्या जे डिला नावाच्या माणसाच्या यंत्रातून. एमपीसी म्हणजे सोळा रबरी चौकोनांची पेटी. बोटानं चौकोन दाबला की ध्वनी वाजतो, आणि आपला ठोका मागं-पुढं झाला तर यंत्र तो आपोआप ओढून नेमक्या मात्रेवर बसवतं. डिलानं ही दुरुस्ती बाजूला ठेवली आणि काही ठोके मुद्दाम केसभर इकडं-तिकडं सरकवले. २००६ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तो गेला. त्याचं ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या संग्रहालयात आहे. डेव्हसारख्या ड्रमरांनी मग त्या यंत्राची चाल हातांनी वाजवायला शिकून घेतली. म्हणजे माणसानं यंत्राला आळस शिकवला, आणि दुसऱ्या माणसानं तो यंत्राकडून शिकला.

हे समजून घ्यायला मला इंग्रजी पुस्तक लागलं नाही. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, गवई समेच्या, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, अलीकडं रेंगाळतो आणि तबलजी शांतपणे ठेका धरून बसतो, हे आम्ही सतरंजीवर बसून पाहिलेलं आहे. लयीला धरून, पण लयीच्या मांडीवर न बसता, असं आमचे पेटीचे मास्तर म्हणायचे. (ते स्वतः फार मांडीवर बसायचे, ते सोडा.) माझ्या बरोबरीच्या इथल्या गोऱ्या सहकाऱ्याला 'ॲफ्रो ब्लू'मध्ये काय विशेष आहे हे समजावताना मी टेबलावर दादरा वाजवून दाखवला होता.

त्या 'ब्लॅक रेडिओ'ला २०१३ मध्ये ग्रॅमी मिळालं, पण जॅझचं नाही, 'आर अँड बी'चं, म्हणजे 'ऱ्हिदम अँड ब्लूज' या गाण्याच्या प्रकाराचं. त्यावरून इथंही वाद झडतात, की हे जॅझ आहे का. म्हणजे विनूमामा सगळीकडं आहेत.

शब्दांचीही गंमत बघा. मिरजेत डीजे म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत. ती गल्लीत शिरली की मामींच्या फडताळातली भांडी थरथरतात आणि मामा कानात कापसाचे बोळे घालून बसतात. त्यांचा राग मला शंभर टक्के मान्य आहे. ह्यूस्टनमध्ये डीजे म्हणजे माणूस. इथल्या दक्षिण भागात डीजे स्क्रू नावाचा एक होता, मूळ नाव रॉबर्ट अर्ल डेव्हिस. १९९० च्या दशकात तो रॅपच्या रेकॉर्ड टर्नटेबलवर संथ करून कॅसेटी भरायचा. रेकॉर्ड संथ झाली की आवाज खर्जात उतरतो. शिवाय एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर, एक दुसरीच्या किंचित मागं. मग हा शब्द या तबकडीवरून, पुन्हा तोच त्या तबकडीवरून. २००० मध्ये एकोणतिसाव्या वर्षी तो वारला. आज त्याच्या रेकॉर्डचा संग्रह ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलाय. ग्लास्पर शाळेत जायचा तेव्हा या शहरातल्या गाड्यांमधून ती संथ लय वाजत होती. उन्हाळ्यात इथल्या फ्रीवेवर दुपारी तीन वाजता अडकून बघा, ती लय कुठून आली ते आपोआप कळतं.

आणि सगळंच जमतं असंही नाही. न्यूयॉर्कचा पियानोवादक मॅथ्यू शिप याचा २००२ चा 'नू बॉप' हा अल्बम मी चारदा लावलाय. खाली कारखान्यासारखे यंत्राचे ठोके, वर गारपिटीसारखा पियानो. दोघं एकमेकांकडं बघतच नाहीत. जाणकार म्हणतात तीच त्यातली मजा. मला अजून सापडलेली नाही.

मोरानचं मात्र पहिल्याच फटक्यात आवडलं. २००३ च्या त्याच्या 'द बँडवॅगन' या अल्बममध्ये टेलिफोनवर तुर्की भाषेत बोलणाऱ्या एका बाईचा आवाज आहे, आणि तिच्या बोलण्यातले चढउतार तो पियानोवर सुरासूर वाजवतो. मला तुर्की येत नाही, पण हा खेळ येतो. लहानपणी भंगारवाल्याची आरोळी आली की आम्ही भावंडं पळत जाऊन ती पेटीवर काढायचो. मास्तर ओरडायचे.

पेटीचा विषय निघालाय तर मामांना एक आठवण करून द्यायची आहे. ज्या पेटीशिवाय त्यांचं एक नाट्यपद उठत नाही, तिच्यावर ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये बंदी घातली होती आणि ती तीन दशकं चालली. कारण काय, तर हे विलायती वाद्य, सूर पट्टीत अडकलेले, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही. यातलं मींडेचं खरंच आहे, बिचाऱ्या पियानोचंही तेच दुखणं. जॅझवाले शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम चेपून मधल्या सुराचा भास करतात. पण सिंथेसायझरच्या डाव्या कडेला एक छोटं चाक असतं. अंगठ्यानं ते फिरवलं की सूर वाकतो. पेटीवाल्यांना आयुष्यभर जे ऐकून घ्यावं लागलं, त्यावरचा उपाय विजेनं दिला आणि आम्हीच वीज अशुद्ध ठरवली. मुद्दा किराणा घराण्याच्या गायकीचा काढाल, तर मिरजेच्या दर्ग्यात विसावलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी ख्यालात जी सरगम आणली तिच्यावर कर्नाटकी गाण्याचा ठसा आहे. तेव्हाही कुणीतरी "विटंबना" म्हणालं असेलच.

आता "तिथं बसून" या टोमण्याबद्दल. तो मला लागला, कारण त्यात थोडं तथ्य आहे. विजय अय्यर हा पियानोवादक न्यूयॉर्क राज्यात तमिळ आईबापांच्या पोटी जन्मला. रॅपर-कवी माइक लॅडबरोबर त्यानं २००३ मध्ये 'इन व्हॉट लँग्वेज' हा अल्बम केला. विषय विमानतळ. इराणी दिग्दर्शक जाफर पनाही यांना २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर अडकवलं, बेड्या घातल्या, परत पाठवलं. आपण चोर नाही हे बरोबरच्या प्रवाशांना सांगावंसं वाटलं, पण कुठल्या भाषेत, असा प्रश्न त्यांनी नंतर एका पत्रात विचारला, नाव त्यावरून. रांगेत पासपोर्ट धरून उभी राहिलेली, सामान तपासणारी, टॅक्सी चालवणारी माणसं त्यात बोलतात, आणि खाली पियानो नि यंत्र. त्यात ना तबला आहे ना सतार, कुणी आलाप घेत नाही. तरी माझ्या आयुष्याच्या सर्वांत जवळचं संगीत मला तेच वाटतं. अप्पांच्या बायपासच्या वेळी मी अशाच एका रांगेत चार तास उभी होते. आम्हा परदेशातल्यांना पोरांनी स्टेजवर 'आपलं' काही सादर करावं असं वाटतं, आणि आपलं म्हणजे आम्ही सोडून आलो ते. अय्यरनं जे जगला ते वाजवलं.

मग मिरजेच्या त्या पोरांनी काय वाजवावं? त्यांना टाळ येतो, रॅप येतो, दोन्ही खरंच येतात. ऐकताना कळत होतं. त्यांना मिळालेली नाही ती वेळ. इथं सरकारी शाळेत चार वर्षं रोज एकत्र वाजवायला खोली मिळते, फीशिवाय. आमच्या मिरजेच्या शाळेत संगीताचा तास म्हणजे बक्षीस समारंभाच्या स्वागतगीताची तालीम. उलट मिरजेत जे आहे ते ह्यूस्टनला नाही: दर्ग्याच्या उरुसात मोठमोठे गवई बिदागी न घेता गातात, आणि ऐकायला कुणीही येऊन बसतो. इथं चांगलं जॅझ ऐकायचं तर तिकीट आणि पार्किंग धरून किराणा सामानाचा आठवडा जातो. आम्ही ग्रुपवर पावित्र्यावर जेवढे शब्द खर्च केले तेवढे एखाद्या खोलीच्या चावीसाठी खर्च केले असते तर, असं मी लिहिणार होते. लिहिलं नाही. मामांचा रक्तदाब आहे.

त्याऐवजी रविवारी अप्पांना फोन लावला. अप्पा मामांच्याच पक्षाचे. तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता तोच मुळी त्यांनी. मी म्हटलं, "अप्पा, एक ऐकवते, तुम्ही फक्त मात्रा मोजा." आणि 'ॲफ्रो ब्लू' लावलं. स्क्रीनवर नुसतं त्यांचं कपाळ दिसत होतं, पण खुर्चीच्या हातावर बोट आपटल्याचा आवाज येत होता. बोट थांबलं. पुन्हा सुरू झालं.

"अगं, तबलजी झोपेत आहे का?"

मी काही बोलले नाही. बोट अजून चालू होतं.

"नाही. मुद्दाम करतोय." मग जरा वेळानं, "पुढच्या आवर्तनात पण असाच मागं राहतोय का बघू. पहिल्यापासून लाव."