‘एकदा घेतला की गेम आपलाच’ म्हणणाऱ्यांनी पानाची उजवी कड बघावी

सेल लागला की गेमिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. मथितार्थ असा: प्लेस्टेशनसारख्या कन्सोलच्या नादी लागू नका, पीसीवर घ्या. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचं एक अकाउंट पुरतं, घेतलेला गेम कायमचा आपला, कुणालाही द्या, नाही आवडला तर पैसे परत. सेलमधल्या किमतींचं कौतुक मलाही आहे. 2015 पासून स्टीमवर रुपयांत भाव दिसतात, हल्ली यूपीआयही चालतं. बाकी मेसेज म्हणजे अर्धवट माहिती, तीही छातीठोकपणे सांगितलेली.

‘एक अकाउंट पुरतं.’ स्टीमवर घेतलेला जीटीए 5 चालू करून बघा. आधी स्टीम, मग गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीचा लाँचर (गेम सुरू करणारं वेगळं ॲप), मग रॉकस्टारचं लॉगिन. यूबीसॉफ्टचा गेम असेल तर यूबीसॉफ्ट कनेक्ट, फोर्झा होरायझन 5 असेल तर मायक्रोसॉफ्टचं अकाउंट. हे काही लपवलेलं नसतं. गेमच्या पानावर उजवीकडे, भाषांच्या यादीच्या आसपास, दुसऱ्या कंपनीचं अकाउंट लागेल अशी बारीकशी पट्टी असते. डेन्यूवो हे कॉपीविरोधी कुलूप असेल तर तेही तिथेच. सत्तर टक्के सूट दिसल्यावर तिकडे कोण बघतंय!

सोनीच्या हेलडायव्हर्स 2 या गेमचं प्रकरण याच पट्टीतलं. फेब्रुवारी 2024 मध्ये गेम आला, तेव्हा पीएसएन म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कचं अकाउंट लागेल असं पानावर लिहिलेलं होतं. पण सुरुवातीला सर्व्हरवर एवढा ताण आला की ती अट तात्पुरती सैल केली गेली, आणि लोक तीन महिने अकाउंटशिवाय मजेत खेळले. मे महिन्यात सोनीने जाहीर केलं की आता जोडणी सक्तीची. बोंब झाली ती नुसत्या आळसामुळे नव्हे. फिलिपिन्स, एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया अशा कित्येक देशांत तेव्हा पीएसएन अधिकृतपणे मिळतच नव्हतं. तिथल्या लोकांकडून पैसे आधीच घेतलेले, आणि अट अशी की जी नियम पाळून पुरी करणंच अशक्य! 170 हून अधिक देशांत गेमची विक्री थांबली, स्टीमवर दोन लाखांहून जास्त नकारात्मक रिव्ह्यू पडले आणि काही दिवसांत सोनीने माघार घेतली. भारतात पीएसएन आहे म्हणून आपल्याला झळ लागली नाही, एवढंच.

‘कायमचा आपला.’ यूबीसॉफ्टचा द क्रू हा 2014 चा रेसिंग गेम. एकट्याने खेळायची स्टोरीसुद्धा सर्व्हरशिवाय चालायची नाही. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद झाले आणि पाठोपाठ लोकांच्या लायब्ररीतून लायसन्सही काढून घेतलं गेलं. ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम यातूनच उभी राहिली. माइनक्राफ्टमध्ये गेम बनवणाऱ्या मोजँगचं जुनं अकाउंट मायक्रोसॉफ्टकडे हलवायची मुदत सप्टेंबर 2023 मध्ये संपली. ज्यांनी हलवलं नाही त्यांचा विकत घेतलेला गेम गेला. डिजिटल वस्तूची मालकी मिळत नाही हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला लावणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याच्या तोंडावर, ऑक्टोबर 2024 पासून, स्टीम कार्टमध्येच सांगतं की तुम्ही गेमची मालकी नव्हे, फक्त लायसन्स घेताय. यावर ‘सीडीचा जमाना बरा होता’ म्हणणाऱ्यांना आठवण: 2004 साली हाफ-लाइफ 2 ची डिस्क आणली तरी स्टीम अकाउंट काढावंच लागायचं.

‘कुणालाही द्या.’ विकता येत नाही, अकाउंट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. स्टीम फॅमिलीत एका घरातल्या सहा जणांना लायब्ररी वाटून घेता येते, आणि सोय खरंच चांगली आहे. पण एका प्रतीवर एका वेळी एकच जण, आणि दुसरं अकाउंट मागणारे बरेच गेम त्यातून वगळलेले. पुण्यात रुपयांत स्वस्त पडतो म्हणून न्यू जर्सीतल्या भावाला गिफ्ट करायला जाल, तर दोन देशांतल्या किमतीत मोठा फरक असला की स्टीम गिफ्ट जाऊच देत नाही. स्टोअरचा देश बदलायचा तर त्या देशातलं पेमेंट लागतं, आणि तेही तीन महिन्यांतून एकदाच.

‘पैसे परत.’ मिळतात, पण चौदा दिवसांच्या आत आणि खेळणं दोन तासांहून कमी असेल तर. लाँचर अपडेट होत बसला की तो वेळही बऱ्याचदा खेळण्यातच धरला जातो. लॉगिन अडलंय असं वाटलं तर उगाच झटापट करू नका, बंद करून सरळ रिफंड टाका.

मेसेजमधलं वर्णन ज्याला बऱ्यापैकी लागू पडतं ते दुकान वेगळंच आहे: जीओजी. तिथे डीआरएम, म्हणजे गेमला घातलेलं डिजिटल कुलूप, नसतं, ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवता येतो आणि इंटरनेट नसतानाही चढवता येतो. नवे मोठे गेम तिथे उशिरा येतात, कित्येक येतच नाहीत. आणि तो इन्स्टॉलर आपणच आठवणीने उतरवून ठेवायचा असतो, जे आपल्यातले निम्मे लोक करत नाहीत.